मध्यंतराआधीची गोष्ट

यजमान जाऊन दोन महिने झाले, तरी वहिनींच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. निदान सिनेमा बघून तरी त्या रडतील, म्हणून नणंद रोज दुपारी टीव्हीवर एक लावायची.

"कालचा नवा कसा वाटला?"

"आवाज फार. सगळे नुसते पळत होते. कुठे, ते शेवटपर्यंत कळलं नाही."

आज नणंदेने जुना, रडका सिनेमा शोधून काढला. वहिनी पूर्वी थिएटरच्या तिकीटखिडकीवर कामाला होत्या. काम आटपून आत शिरेपर्यंत मध्यंतर होऊन गेलेलं असे. मग दारावर तिकिटं तपासणारे यजमान आधीची गोष्ट त्यांच्या कानात सांगत. हा सिनेमा त्यांनी असा अकरा वेळा पाहिला होता आणि अकराही वेळा डोळे सुजवून घेतले होते.

पहिला भाग त्या आज प्रथमच बघत होत्या. नायक बायकोला टाकून सरळ चालता झाला.

"पत्रं कुठायत?" वहिनींनी विचारलं.

"कसली पत्रं?"

"तो दर महिन्याला लिहितो आणि सासरा फाडून टाकतो. म्हणून तर ती त्याला शेवटी घरात घेते. आमचे हे असंच सांगायचे की."

"असलं काही नाहीये यात, वहिनी! मेला चक्क पळालाय. दादाने तुला मनचं सांगितलं."

वहिनींच्या आत काहीच हललं नाही.

"यांचा सिनेमा बरा होता," त्या म्हणाल्या.

नणंदेला मात्र हुंदका आवरेना. "आणखी काय सांगायचा गं दादा?"

वहिनींनी टीव्ही बंद केला आणि कोरड्या आवाजात पहिल्यापासून सांगायला घेतलं.