चंद्रभानचा टोला

कूलर बंद केला की राजापेठेतल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत दोनच आवाज उरत: खालून शिकवणीला निघालेल्या पोरांच्या दुचाक्यांचा आणि नितेशच्या हातातल्या कानशीचा. मे महिन्यात अमरावतीत कूलर बंद करणे म्हणजे घरातल्या माणसाला भट्टीत बसवणे. पण कूलरची ओली हवा लागली की तो झटपट चिकटणारा गोंद पांढरा पडे आणि त्याच्या वाफेने टेबलावर जोडत असलेल्या छोट्या इंजिनाच्या इवल्याशा काचांना मोतीबिंदू झाल्यासारखे होई. पहिल्या काचा त्याने अशाच गमावल्या होत्या. म्हणून जोडकाम चाले तोवर कूलर बंद. खाटेवर लोडाला टेकून बसलेल्या बाबांच्या कपाळावरचा घाम तो मधूनमधून टिपत असे.

"बाबा, थोडंच राहिलं आता," तो म्हणे.

बाबा बोलत नसत. दिवाळीच्या सुमारास त्यांना लकवा मारला. उजवे अंग गेले आणि त्यासोबत वाचाही. वाचा परतायची असेल तर पहिल्या वर्षातच परतेल, असे डॉक्टर म्हणाले होते. त्यांच्या ओळखीच्या वस्तू दाखवा, त्यांच्या कामाचे काही समोर ठेवा. नितेशने त्या सल्ल्यातून एकच गोष्ट उचलली होती. शिकवणी वर्गात तो 'फिजिक्सवाले सर' होता, घरमालकाला 'वरचा भाडेकरू', बहिणीला 'बापू'. आई गेल्यानंतर त्याला 'नित्या' म्हणणारे माणूस या जगात एकच उरले होते, आणि ते माणूस आता त्याच्याकडे बघून ओठ हलवी, पण त्या ओठांतून श्वासाखेरीज काही येत नसे. ती एक हाक परत यावी, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप होता.

अकोल्याच्या एका जिनिंग मिलमध्ये बाबांनी उभी हयात इंजिन चालवले होते. आता त्या जागी फ्लॅट आहेत. तेव्हा प्रेसपासून गोदामापर्यंत हातभर रुंदीचे वाटावेत असे अरुंद रूळ होते आणि त्यांवरून रुईच्या गाठींच्या ट्रॉल्या ओढणारे पिवळे, चौकोनी, डिझेलवर चालणारे इंजिन होते. कामगार त्याला 'डबी' म्हणत. नितेशला इंटरनेटवर तशाच एका इंजिनाच्या सुट्या भागांचा संच सापडला: पितळेच्या पातळ पत्र्यात कोरलेल्या भिंती, रेझिनचे बॉनेट, खाली बसवायची मोटार आणि चाके. सोबत नऊ मिलिमीटर रुंदीचे रूळ. असे काही त्याने जन्मात जोडले नव्हते. पहिल्यांदा त्याने सगळ्या भिंती एका बैठकीत चिकटवल्या आणि केबिन वाकडी झाली. ती उकलली, घासली, साबणाच्या पाण्यात धुतली आणि मग काटकोन तपासायचा गुण्या लावून एकेक कोपरा जोडला. त्याच्यासारख्या अबोल माणसाला हे काम मानवत होते. पितळ काही विचारत नाही.

परतवाड्याहून रागिणीताई कैऱ्या घेऊन आली, तेव्हा टेबलावर अर्धे इंजिन उभे होते.

"काहून रे बापू, बाबाले व्यायामवाल्याकडं न्याचं सोडून तू खेळणं करून राहिला?"

"खेळणं नाही ताई. नमुना आहे."

"नमुना तं तूच हायेस!" ती हसली. मग तिने ते बॉनेट नीट पाहिले आणि तिचे हसू विरले. "डबी हाय ना हे? बापू, बाबाले पंजाबकाका आठवतीन."

"आठवू दे."

"कायले खपली काढतं?"

"ताई, काहीतरी तर आठवू दे."

ती कैऱ्यांची पिशवी आत ठेवून आली आणि पदराने बाबांना वारा घालत बसली.

पंजाबराव हा डबीचा जोडीवाला. ट्रॉल्यांच्या साखळ्या तो जोडी आणि सोडी. पावसाळ्यात चाके घसरू लागली की वाळूचा डबा घेऊन बॉनेटच्या नाकावर बसे. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात त्या आवारात सावली म्हणून एकच, ट्रॉल्यांच्या पोटाखालची. जेवण झाले की माणसे तिथेच आडवी होत. एका दुपारी पंजाबराव तिथे झोपला असताना बाबांनी गाडी हलवली. त्यांना ठाऊक नव्हते, कोणालाच नव्हते. मिलने चौकशी केली, बाबांचा दोष नाही असे ठरवले. बाबांनी मात्र त्या दिवसापासून गाडी हलवण्यापूर्वी लोखंडी पान्याने बॉनेटवर दोन टोले हाणायचे, खाली वाकून बघायचे आणि मगच लिव्हर ओढायचा, असा नेम केला. पुढे सारी मिल बाबांच्या नावावरून त्याला 'चंद्रभानचा टोला' म्हणू लागली. घरी तर ते स्कूटरवरही दोनदा बोटे वाजवल्याशिवाय किक मारत नसत. शाळेच्या फाटकासमोर पोरे हसत, आणि मागे बसलेला लहानगा नितेश शरमेने मान खाली घाली.

इंजिनाला पिवळा रंग चढला. रुळावर ठेवले तर चाके जागच्या जागी फिरू लागली. नितेश हिरमुसून बसला, तेव्हा बाबांचा डावा हात खाटेवरून सरकत आला आणि एका बोटाने त्यांनी बॉनेटचे नाक हलकेच दाबले. चाकांनी रूळ धरला. नितेशने चमकून वर पाहिले. बाबांच्या ओठांच्या शाबूत कोपऱ्यात हसू होते. मासे धरायच्या गळाला लावतात त्या शिशाच्या गोळ्या आणून त्याने वजनासाठी बॉनेटमध्ये भरल्या. कितीतरी महिन्यांनी त्या घरात दोन माणसे मिळून एक काम करत होती. त्या आनंदात, आता 'नित्या' दूर नाही, असे त्याला वाटू लागले.

गाडी चालवायचा दिवस आला. त्याने खाटेला लागून फळी मांडली, तिच्यावर रुळांचा गोल जोडला, ट्रॉल्यांमध्ये कापसाच्या दाबलेल्या गाठी ठेवल्या. दुपारचे ऊन खिडकीतून तिरपे फळीवर पडले होते. बॉनेटवरचा एकेक खिळा त्याने जागच्या जागी बसवला होता, आणि तरी जी गोष्ट लहानपणापासून रोज पाहिली तीच तो विसरला. त्याने थेट बटण फिरवले.

डबी हलली.

बाबांचा डावा हात फळीवर आदळला. त्यांच्या घशात काहीतरी खरवडल्यासारखे झाले. "प... पंजाब!" ते ओरडले. "ऊठ! पंजाब, ऊठ!"

नितेश उठून उभा राहिला. बाबा बोलले, एवढेच त्याला कळले. आणखी बोलतील म्हणून त्याने गाडी थांबवली नाही. डबी फिरून पुन्हा समोर आली, पुन्हा गेली, आणि प्रत्येक फेऱ्याला तो फाटका आवाज चढत गेला. खाटेवरून पडण्याइतके ते ट्रॉल्यांखाली बघायला वाकले, तेव्हा कुठे त्याचा हात बटणाकडे गेला.

वाचा परतली ती एवढीच. तो पाण्याचा पेला पुढे करी, बाबा म्हणत, "ऊठ, पंजाब." तो छातीवर हात ठेवून सांगे, "बाबा, मी नित्या." तरी तेच. कधीकधी मेंदूला एकच वाक्य सापडते आणि तो त्यातच अडकून राहतो, असे डॉक्टर म्हणाले. त्याने डबी खोक्यात घालून कपाटावर टाकली. त्याने काही फरक पडला नाही. ऊन तिरपे झाले की हाका सुरू होत आणि बाबा थकून निपचित पडेपर्यंत चालत. शेजारच्यांनी खिडक्या लावून घ्यायला सुरुवात केली.

"तूनं ऐकलं नाई, बापू," ताई फोनवर रडत म्हणाली.

एका दुपारी हाका सुरू झाल्या तसा त्याने उठून कूलर बंद केला. बाबांच्या जुन्या पेटीतून त्याने पाना काढला आणि खाटेखाली शिरला. तिथे खरोखरच सावली होती. जमीन गार होती. वरून घसा फाटेस्तोवर हाक येत होती. त्याने खाटेच्या लोखंडी पायावर दोन टोले मारले.

वर एकदम शांतता झाली.

तो सरपटत बाहेर आला, गुडघे झटकत उभा राहिला. बापाला त्याने जन्मात नावाने हाक मारली नव्हती.

"उठलो गा, चंद्रभान," तो म्हणाला. "हाक गाडी."

बाबांनी त्याला नखशिखान्त निरखले, हात, पाय, सगळे शाबूत आहे का ते बघितल्यासारखे. डाव्या हाताने त्याचे मनगट पकडून ठेवले. मग हळूहळू ती पकड सुटली आणि त्यांचा डोळा लागला.

नितेशने पाना खाटेच्या पायाशीच ठेवला, उद्या हाताशी असावा म्हणून, आणि कूलर सुरू केला.