बसण्याआधी

ब्रश कोरडा होता. बेसिनवरच्या पेल्यात तिघांचे तीन ब्रश, त्यातला लेकीचा पिवळा – तिनं त्याच्यावरून अंगठा फिरवला, पुन्हा एकदा फिरवला, आणि बाहेर जाऊन विचारायचं नाही असं स्वतःला बजावलं. तेराव्या वर्षी मुलं दात घासायचा कंटाळा करतात. सगळीच करतात. पण आईनंही आधी तोंड धुणंच सोडलं होतं... आणि ताईनं केस विंचरणं.

घरात त्याला 'बसणं' म्हणायचे. डॉक्टरांचा 'नैराश्य' हा शब्द फार नंतर आला. मोटार बसते, आवाज बसतो, तसं माणूस बसायचं. आई बसली ती एका साध्या सकाळी, खाटेच्या कडेला, एका पायात चप्पल घालून. दुसरी घालायची राहूनच गेली, आणि आम्ही शाळेतून परत आल्यावरही ती चप्पल तशीच, उलटी, खाटेखाली. मग बऱ्याच वर्षांनी ताई – नवी नोकरी, ठरलेलं लग्न, सगळं जागच्या जागी ठेवून. आता उरले मी. माझं बसायचं वय उलटलं बहुधा, मी सुटले असेन... आणि ठमी.

"ठमे, दात घासलेस?" शेवटी विचारलंच.

"हो."

"मग ब्रश कसा–"

"आई! तू माझा ब्रश तपासलास?" ठमी हसली. मोठ्यानं हसली, हवं त्यापेक्षा जरा मोठ्यानंच. की तेवढंच हसायला हवं होतं?

"घरात पोलीस चौकी बसवलीय तुझ्या आईनं," पेपरामागून नवरा म्हणाला. "उद्या माझा टॉवेल ताब्यात घेईल."

तीही हसली. हसताना ठमीच्या बशीतल्या पावाकडे तिचं लक्ष होतं – कडा खाल्ल्या होत्या, मधला भाग तसाच.

आरोग्य खात्याच्या तिसऱ्या मजल्यावर तिचं टेबल होतं आणि त्या टेबलावरचं काम लोकांना समजावून सांगताना ती नेहमी एकच वाक्य वापरायची: पडल्यावर उचलण्याचं नाही, पडू नये म्हणून हात धरण्याचं. शाळांतून गप्पांचे तास. नुकत्याच बाळंत झालेल्या बायकांच्या घरी कुणीतरी जाऊन नुसतं तासभर ऐकून घ्यायचं. एकट्या म्हाताऱ्यांना दुपारी एकत्र जेवायला बोलवायचं. कारखान्यांच्या मागे लागून रात्रपाळ्या कमी करून घ्यायच्या, म्हणजे माणसं झोपतील... किती साधं होतं सगळं. साऱ्या शहराला हळूच एक उशी लावून ठेवल्यासारखं. आणि हे सगळं आपण कुणासाठी उभं केलं हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. बाकीचं शहर ठमीच्या आजूबाजूला आपोआप येत होतं, इतकंच.

साहेबांनी तिला एकटीला आत बोलावलं तेव्हाच तिला अंदाज आला. साहेब भला माणूस. पित्ताची गोळी चघळत ते थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिले.

"बाई, इस्पितळात खाट वाढवली की फोटो निघतो," ते म्हणाले. "तुमच्याकडे काय आहे? जी माणसं बरीच राहिली त्यांचा फोटो काढू?"

"जिथं आपले तास चालू आहेत तिथं कमी मुलं आजारी पडताहेत, साहेब. मी दाखवलंय."

"मला पटतं हो. वर पटत नाही. ते विचारतात, कमी म्हणजे कोण? एकाचं तरी नाव सांगा. ज्याला झालं असतं आणि झालं नाही, असा एक."

नाव तिच्या जिभेवर आलं. पण ते उच्चारायला ते खरं असायला हवं होतं – आणि ते खरं आहे की नाही हे कळायला अजून किती वर्षं जावी लागणार, दहा, वीस, आणि त्यानंतरही कुठल्या सकाळी हुश्श म्हणायचं?

"पोस्टर्स चालू ठेवू," साहेब मऊ आवाजात म्हणाले. "हसरा चेहरा टाका एखादा."

घरी जाण्याऐवजी ती ताईकडे गेली. ताई नेहमीच्या खुर्चीत. तिनं चहा टाकला, ओट्यावरचे कप विसळले, कचऱ्याच्या डब्याचं झाकण सहज उघडून आत बघितलं – ताई काही खाते की नाही ते त्यात कळतं.

"शोधायला आलीस की नुसती आलीस?" ताई खुर्चीतूनच म्हणाली.

"नुसती." मग कप ताईच्या हातात देत, "माझं काम बंद केलं गं."

ताईनं खूप वेळानं कप ओठांना लावला. "माझ्या वेळी असते ते तुझे तासबीस, तर?"

तर... ऑफिसात, सभांमध्ये, अनोळखी शंभर माणसांसमोर तिनं हे उत्तर किती ठामपणे दिलं होतं. इथं, विंचरायच्या राहिलेल्या त्या पांढऱ्या केसांसमोर, ते तेवढं ठाम उरेना. "फरक पडला असता," ती म्हणाली. "मला वाटतं."

"मग नव्हते तेच बरं. एवढं सगळं करूनही बसलेच असते, तर कुणाला तोंड दाखवलं असतं?" ताई हसल्यासारखी झाली. विनोदच होता तो, ताईच्या जुन्या विनोदांसारखा, आणि कित्येक महिन्यांनी आलेला. त्याचा आनंद व्हायला हवा होता. पण चहा पिताना तिला वाटत राहिलं, आपण इतकी वर्षं वाऱ्याला कुंपण घालत होतो. वारा कुंपणाबाहेर आहे असं कुणी सांगितलं आपल्याला?

परतताना ठमी जिन्यातच भेटली, क्लासहून येणारी. एक मजला वर होती, पाठमोरी, कठड्याला धरून सावकाश चढत – खांदे खाली, मान खाली. थकली असेल. शाळा, मग क्लास, कोण थकत नाही... तेवढ्यात ठमीला चाहूल लागली, ती वळली, आणि वळता वळता तिचा चेहरा उजळला. आधी वळली, मग उजळला. त्या दोन्हींच्या मधलं जे होतं ते तिनं पाहिलं आणि पाहिलं नाही.

"आज उशीर?" ठमीनं खाली येऊन तिच्या हातातली पिशवी घेतली. घेतली आणि तशीच, न चढता, हातात जराशी तोलून बघितली. "डबा जड लागतोय. जेवली नाहीस?"

"जेवले ना. थोडं उरलं."

ठमीची नजर आईच्या डोळ्यांवर आली, मग केसांवर, मग हातांवर, अगदी सवयीनं, घाई न करता. या क्रमानं माणसाकडे बघायला कुणी शिकवावं लागत नाही, ते घरातल्या घरात येतं. कधीपासून बघतेय ही? ब्रशाच्या आधीपासून? मी काय काय नीट केलं नाही, काय काय उष्टं टाकलं, कुठं हवं त्यापेक्षा मोठ्यानं हसले–

"आई, तू बरी आहेस ना?"

"हो गं, मला काय झालंय!" आवाज छान आला, मोकळा, खणखणीत. तरी ठमी बघतच राहिली, तशीच, पिशवी छातीशी धरून. आणि तिच्या त्या नजरेखाली उभं असताना तिला जाणवलं, आपण आत्ता खरं बोललो की खोटं, हे आपल्यालाच ठाऊक नाही.