मागच्या सीटवरचा करंडा

मित्रांनो, माझ्यासारख्या गाड्या अजून कुठे कुठे टॅक्सी म्हणून धावतात, त्यामुळे तुम्ही मला लगेच ओळखाल. मी फियाट आहे. माझा रंग एके काळी फिकट निळा होता. आता टपावर तो खडूसारखा पांढरट झाला आहे. पालघरजवळच्या माहीम गावात, एका वाडीतल्या पत्र्याच्या शेडखाली मी उभी असते. या गावात केळी आणि नारळ होतात, आणि विड्याची पानंही. माझ्या आयुष्यातली मुख्य गोष्ट या पानांचीच आहे.

माझा जन्म १९७२ साली कुर्ल्याच्या कारखान्यात झाला. त्या काळी गाडी मागितली आणि मिळाली असं होत नसे. नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे थांबत. माझे मालक शांतारामभाऊ राऊत तसेच थांबले होते. मला घरी आणताना ते मनोरपर्यंत कोणाशी एक शब्दही बोलले नाहीत. ते फक्त माझ्या इंजिनाचा आवाज ऐकत होते.

त्यांना गाड्यांचं वेड होतं. रस्त्यावरून गाडी गेली की डोळे मिटून ती कोणती ते सांगत. माझा कार्ब्युरेटर ते स्वतः उघडून पेट्रोलने धूत. रविवारी मला बोईसरला नेत. तिथून तारापूरकडे जाणारा रस्ता वीजकेंद्रामुळे रुंद आणि गुळगुळीत झाला होता. त्या रस्त्यावर ते मला मोकळं सोडत. काटा थरथरू लागे, खिडक्यांच्या काचा वाजू लागत आणि ते हसत. खरं सांगायचं तर मलाही ते आवडत असे.

बाकीचे दिवस कामाचे होते. पानमळ्यातली पानं खुडून बांबूच्या करंड्यांत रचत, वर ओली केळीची पानं घालत आणि तोंड शिवत. हे करंडे पालघर स्टेशनवरून रेल्वेने ग्वाल्हेरला जात. गाडी स्टेशनात थोडाच वेळ थांबे. ज्याचे करंडे आधी पोचत ते आधी चढत, उशिरा आलेले कधी कधी फलाटावरच राहत. म्हणून माहीमचे बागायतदार स्टेशनकडे जाताना घाईतच असत. शांतारामभाऊंनी या घाईची शर्यत केली. त्यांचा जोडीदार होता शेजारच्या वाडीतला भगवंत पाटील. त्याच्याकडे जुनी जीप होती. दोघांची शर्यत साऱ्या रस्त्याला ठाऊक होती. डोक्यावर पाट्या घेतलेल्या वडराईच्या मासळीवाल्या आम्हांला पाहून कडेला होत आणि मागून ओरडत, "अरं, पानं खायाला लोक जिवंत तर ठेव."

शांतारामभाऊंच्या पत्नी सुलूताई चिंचणीच्या. त्या विज्ञान शिकल्या होत्या आणि मोजकं बोलत. १९८१ साली रोग पडून राऊतांचा जुना पानमळा मुळापासून सुकला. शांतारामभाऊ म्हणाले, इथे आता चिकू लावू. सुलूताईंनी ऐकलं नाही. त्यांनी माती बदलली, पाण्याला वाट काढून दिली आणि नवे वेल लावले. दोन वर्षं त्या मळ्यातच असत. वेल चढले, पानं मोठी झाली. पण मधल्या काळात ग्वाल्हेरचा व्यापारी दुसऱ्यांकडे गेला होता. फार विनवल्यावर तो म्हणाला, थोडा माल पाठवा, चांगला निघाला तर घेत जाईन.

पहिला माल निघाला त्या दिवशी सुलूताई माझ्या डिकीजवळ उभ्या होत्या.

"अहो, आज हळू न्या. कोवळी पानं आहेत."

"हळूच नेतो गं," शांतारामभाऊ म्हणाले, आणि त्यांना तसं खरंच वाटत होतं.

अर्ध्या वाटेवर एक बुटका पूल आहे. तिथे मागून भगवंतची जीप आली. तिने हॉर्न दिला आणि आम्हांला ओलांडून गेली. शांतारामभाऊंचा पाय खाली गेला. पुलापुढचे खड्डे आम्ही कसे पार केले ते माझ्या स्प्रिंगच्या पाट्यांना विचारा. माझी डिकी मागच्या चाकांच्याही मागे आहे. चाक खड्ड्यात गेलं की पुढे बसलेल्याला धक्का बसतो, डिकीतली वस्तू मात्र उडते आणि आपटते. करंडे सारा वेळ उडत आणि आपटत होते. चिंचेच्या वळणावर आम्ही जीपला मागे टाकलं आणि स्टेशनवर पहिले पोचलो.

भगवंत सावकाश उतरला. त्याच्या जीपमध्ये काहीच नव्हतं.

"तुजे करंडे कुठं हायत?" शांतारामभाऊंनी विचारलं.

"आज कसले करंडे? सासरा येतोय, त्याला घ्याला आलोय." भगवंत हसला. "माजी जीप रिकामी, म्हनून उडवली. तुजं काय?"

शांतारामभाऊंनी एक करंडा उसवून पाहिला. पानं हिरवीगार होती. त्यांनी तो पुन्हा शिवला आणि सगळे करंडे रेल्वेत चढवले. पण पानाला मार लागला की तो लगेच दिसत नाही. प्रवासात तिथे डाग पडतो, डाग पसरतो आणि शेजारच्या पानालाही घेतो. आठवड्याने ग्वाल्हेरहून तार आली. माल काळा पडला होता. आणखी एकदाच पाहू, असं व्यापाऱ्याने कळवलं होतं.

सुलूताईंनी तार दोनदा वाचली. "पुलापुढचे खड्डे?" एवढंच त्यांनी विचारलं.

"भगवंतने हॉर्न दिला," शांतारामभाऊ म्हणाले.

"मग वेल त्यालाच विचारून लावायला हवे होते."

त्यानंतर घरात कितीतरी दिवस भांड्यांचाच आवाज होता. मला कोणी बाहेर काढलं नाही. पुढच्या खुडीला करंडे गावातल्या जानूच्या बैलगाडीने न्यायचं ठरलं. पण सकाळची रेल्वे गाठायला बैलगाडीला आदल्या संध्याकाळीच निघावं लागे, आणि रात्रभर कोंडून पानं तापली असती. जानूच म्हणाला, "वैनी, बैल माजे चांगले हायत, पन तुमच्या पानांना दम नाय."

खुडीच्या दिवशी सकाळी सुलूताई शेडमध्ये आल्या. त्यांनी माझी डिकी उघडली, बंद केली, मागचं दार उघडून सीट दाबून पाहिली.

"डिकीत एकही करंडा ठेवायचा नाही," त्या म्हणाल्या. "सगळे मागच्या चाकांच्या पुढे, सीटवर आणि खाली. एक मी मांडीवर घेते."

"तू येणार?"

"येणार."

मी निघाले. वाडीच्या फाटकातच पहिला दणका बसला.

"गेलं एक पान," मागून आवाज आला.

पुढच्या खड्ड्याला, "आणखी एक." ब्रेक जोरात लागला तेव्हा, "हे तर सबंध जुडीच गेली." शांतारामभाऊंच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. पण हळूहळू ते रस्ता लांबूनच वाचू लागले. खड्ड्याच्या आधी गिअर उतरवायचा, चाक काठाने घ्यायचं, थांबायचं असेल तर आधीपासूनच पेडल सोडून द्यायचं. पुलाजवळ भगवंतने मागून हॉर्न दिला. शांतारामभाऊंनी खिडकीतून हात काढून त्याला पुढे जाण्याची खूण केली. मागून एकही पान गेल्याचं ऐकू आलं नाही. करंडे चढले तेव्हा रेल्वेने शिट्टी दिलेली होती.

पुढचा आठवडा घरात सगळ्यांचं लक्ष पोस्टमनकडे होतं. तार आली. माल उत्तम, दर आठवड्याला पाठवा. सुलूताई मळ्यात गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत.

त्यानंतर दहा वर्षं मी पानं वाहिली. शांतारामभाऊंची शर्यत सुटली, गाडीचं वेड सुटलं नाही. ते मला म्हणत, "जोरात कोणीबी पळवतो." दणका न देता माहीमहून पालघर गाठणं त्यांना तारापूरच्या रस्त्यापेक्षा अवघड वाटे, आणि म्हणून जास्त आवडे. पुढे टेंपो आले. माझे सुटे भाग मिळेनासे झाले. पावसाळ्यात माझ्या दारांना गंज चढला आणि एकदा बोनेटमध्ये उंदरांनी घर केलं. तरी महिन्यातून एकदा शांतारामभाऊ मला पुसतात, बॅटरी लावतात आणि सुलूताईंना घेऊन सफाळ्यापर्यंत जाऊन येतात.

मागच्या महिन्यात परतताना वाटेत सुलूताई मागच्या सीटवर मान टेकून झोपल्या. वाडीचं वळण आलं. तिथे गतिरोधकासारखा एक उंचवटा आहे. शांतारामभाऊ वळले नाहीत. मला त्याच चालीने सरळ पालघरच्या दिशेने नेत राहिले.

मित्रांनो, जुन्या गाडीला तेल लागतं, हवा लागते, कोरडी जागा लागते. तेवढं तिला द्या. आणि गाडी नवी असो की जुनी, ती अशी चालवा की मागे बसलेल्याला झोप लागावी.