सासू-जावयाच्या मधला फळा

मित्रांनो, मी एक जुना फिरता फळा. दोन खांबांमध्ये अडकवलेला, पायाला चाकं. ढकललं की गर्रकन उलटतो आणि मागची बाजू पुढे येते. खोटं मी बोलत नाही. वाढवून बोलतो, पण ते वेगळं.

माझी पहिली नोकरी बोर्डिंगच्या शाळेत. तिथे अमेरिकेतल्या आमच्या लाकोटा आदिवासी पोरांकडून गोरे मास्तर माझ्यावर लिहवून घ्यायचे, 'मी माझी भाषा बोलणार नाही', वरपासून खालपर्यंत. पोरं रडत लिहायची. मी इतका काळा कसा, असं कुणी विचारलं तर मी सांगतो, शरमेने.

शाळा बंद पडली तसा मी एका गोठ्यात जाऊन पडलो. माझ्या खडूच्या खणात कोंबडीने अंडी घातली. पिल्लं निघाली ती थेट पाढे म्हणत! हवं तर नका विश्वास ठेवू. ती कोंबडी आता नाही, नाहीतर तिलाच पुढे केली असती.

पुढे आमच्या लोकांनी माळावर स्वतःचं कॉलेज काढलं आणि तिथल्या अभ्यासखोलीची मर्नाताई मला पिकअपमध्ये घालून घेऊन आली. त्या खोलीत मास्तर नाही. ज्याला जे येतं ते त्याने दुसऱ्याला शिकवायचं, मर्नाताईची कडू कॉफी प्यायची आणि एकमेकांची टिंगल करायची.

गणित शिकवायला एकच पोरगा होता, लेलँड. आणि एक दिवस गणित शिकायला आली व्हर्डेलमावशी. दारातच थबकली, शाल डोक्यावरून ओढली आणि आल्या पावली परत फिरली. लेलँड तिचा जावई!

आमच्यात सासू-जावई एकमेकांच्या तोंडाकडे बघत नाहीत, एकमेकांशी बोलत नाहीत. भांडण नसतं हो, मान असतो तो. घरी लेक निरोप पोचवते. पण लेक तान्ह्या बाळापाशी. कॉलेजात मध्ये कोण पडणार?

मर्नाताई मागोमाग धावली. "मावशी, दोनदा नापास झालात. तिसऱ्यांदा झालात तर नाव कापतील. बालवर्गाचं काय मग?"

बालवर्गात मावशी मदतनीस होती. पोरांशी लाकोटा भाषेत बोलणारी तेवढी एकटीच. पण पदवी नसलेल्या बाईच्या हाती वर्ग द्यायचा नाही असा नियम, आणि जुन्या बाई उन्हाळ्यात निवृत्त होणार. पदवीला आडवा आला होता फक्त गणिताचा पेपर.

"तो माझ्याशी बोलायचा नाही, मी त्याच्याशी बोलायची नाही," मावशी म्हणाली.

"तो फळ्याशी बोलेल. तुम्हीही फळ्याशी बोला."

"फळा माझा कोण लागतो गं?"

"भाचा समजा."

मावशीने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "बहिणीवर गेलाय," ती म्हणाली. "रुंद."

झालं! मी मावशीचा भाचा, म्हणजे लेलँडच्या बायकोचा मावसभाऊ, म्हणजे लेलँडचा मेहुणा. आणि आमच्यात मेहुण्याची खेचली नाही तर दिवस फुकट गेला. "काय मेहुण्या," तो म्हणायचा, "आंघोळ कधी केली होतीस? नाताळात?" असं म्हणत माझ्यावर गणित लिहायचा आणि मला उलटवायचा. पलीकडे मावशी वाचायची, खाली सोडवायची, परत उलटवायची. मला मध्ये ठेवून सबंध हिवाळा दोघं शिकली. दोघांच्या मनातलं फक्त मला दिसायचं. आणि मला तोंड नाही. ते त्या दिवशी कळलं, किती वाईट असतं ते.

परीक्षेचा दिवस. लेलँड आला तो लाल डोळ्यांनी. बाळाला दात येत होते, रात्रभर घरात कुणी झोपलं नव्हतं. शेवटचा सराव म्हणून त्याने घाईघाईत एक गणित सोडवून दाखवलं. सात उणे, कंसात क्ष उणे दोन. कंस सोडवला आणि लिहिलं, सात उणे क्ष उणे दोन.

अरे! शेवटी अधिक दोन! मी आतून ओरडलो. लेलँडने मला उलटवलं आणि टेबलावर डोकं टेकून घोरायला लागला.

मावशीने ते वाचलं. खालच्या गणितात तिच्या हाताने बरोबर अधिक काढला. मग तिचा हात थांबला. तिने वर जावयाचा उणे पाहिला, पुन्हा खाली पाहिलं, बोटाने आपला अधिक पुसला आणि उणे केला. मग सगळीच गणितं तशी. घंटा झाली तशी पेन्सिल उचलून ती गेली. मर्नाताई केव्हाच स्वयंपाकघरात सुपाच्या पातेल्यापाशी गेली होती. खोलीत मी, आणि घोरणारा लेलँड.

ऊठ रे मेहुण्या, ऊठ!

मी काही हललो नाही, असं लोक म्हणतात. वारा आला म्हणतात. पण मी सांगतो, मी सगळा जोर लावला आणि गर्रकन उलटलो. माझी कड खटकन टेबलावर आपटली. लेलँड दचकून उठला. समोर सासूची बाजू. एक गणित पाहिलं, दुसरं पाहिलं, आणि त्याच्या तोंडाचा रंगच गेला.

"मेहुण्या, हे मी काय शिकवलं!"

परीक्षा मैदानापलीकडच्या इमारतीत. निरोप द्यायला कुणी नाही. तो दारापर्यंत धावला, थांबला, परत आला आणि माझे खांब धरले. "चल. तुलाच बोलायचंय."

बाहेर आमचा माळावरचा वारा. त्याने मला शिडासारखं फुगवलं. आधी लेलँड मला ढकलत होता, मग मी लेलँडला ओढत होतो, मग त्याचे पाय जमिनीला लागेनासे झाले. उभ्या पिकअप दोन्ही बाजूंनी मागे पळत होत्या. "मेहुण्या, हळू! मला बाळ आहे!" भुरभुरत्या बर्फाने माझ्यावरचं लिहिलेलं खरवडून नेलं, अंक गेले, कंस गेले. तो मेला चुकीचा उणे मात्र गोचिडासारखा चिकटून बसला.

परीक्षेच्या दारात आम्ही धाडकन आदळलो. माझा एक कोपरा तिथेच राहिला. परीक्षक दाराच्या मुठीवर हात ठेवून उभे. आत शिरता शिरता मावशीने पाठ फिरवून शाल ओढली.

"सर, त्यांना एवढं सांगाल का, कंसाबाहेर..." लेलँड माझ्यामागून धापा टाकत म्हणाला.

"परीक्षेच्या दारात मी गणित सांगू? नोकरी जाईल माझी." त्यांनी घड्याळ पाहिलं. "पण दार लावेपर्यंत फळ्याशी कोण काय बोलतं ते मला ऐकू येत नाही."

"मेहुण्या, तुझ्या मावशीला सांग, मी चुकलो. बाहेर उणे असला की आतली सगळी चिन्हं बदलायची. मी एकच बदललं."

घड्याळाचा काटा सरकला. मग मावशीचा आवाज, बारीक. "भाच्या, सांग त्याला, मला दिसलं होतं."

"मग बदललं का नाही, विचार."

"जावयाच्या हातचं सासूने पुसायचं? त्यापेक्षा तोंड पाहिलेलं काय वाईट?"

माझ्या वरच्या कडेवरून लेलँडचा हात आला, हातात डस्टर. "मेहुण्या, हे त्यांना दे. म्हणावं, त्यांनी वर्गात चुकीचं शिकवलं तर माझं बाळ चुकीचं शिकेल. पुसा म्हणावं."

डस्टर तसंच राहिलं. मावशीने आपल्या तळव्यानेच तो उणे पुसला, घासून घासून, आणि खडूने तिथे अधिक काढला, एवढा मोठा की अजून मला तिथे खाजतं. ती आत गेली. दार लागलं.

आम्ही बाहेर उभे. लेलँडने आपलं जाकीट माझ्या तुटक्या कोपऱ्यावर घातलं आणि स्वतः कुडकुडत बसला. किती वेळ गेला, विचारू नका. दार उघडलं तसा तो पटकन माझ्यामागे लपला.

"भाच्या," मावशी म्हणाली, "सांग त्याला, कंसाचं आलं होतं. आणि असंही सांग, पुढच्या वेळी झोपून ये म्हणावं."

ती पास झाली. बालवर्ग आता तिचाच आहे.

मित्रांनो, मला ओल्या फडक्याने पुसू नका, लाकूड फुगतं. माझ्या कोपऱ्याला खिळा ठोकायचा तर हळू ठोका. आणि मोठ्यांची, मानाच्या माणसांची चूक तुम्हाला दिसली, तर मान ठेवा, पण चूक ठेवू नका. तोंडावर सांगायला जीभ उचलत नसेल तर माझ्याकडे या. दोन्हीकडून सगळं ऐकून घेतो मी, आणि मध्ये पडत नाही.

म्हणजे, फारसा पडत नाही.