बटन खोटं भुंकतो

पानगळ उरकली आणि हरणांच्या शिकारीचा हंगाम संपला, की केंटकीच्या आमच्या डोंगरांत पुरुष माणसं खारींकडे वळतात. झाडं उघडी पडलेली असतात. खारीला लपायला पान राहत नाही आणि माणसाला घरात बसायला सबब राहत नाही. बंदुका सगळ्यांकडे असतात, नेम बऱ्याच जणांकडे. पण माणसाची पत ठरते ती कुत्र्यावरून. कुत्र्यानं माग काढायचा आणि खार ज्या झाडावर चढली त्याला पुढचे पाय टेकून भुंकायचं. वर खार असली तर कुत्रा खरा, नसली तर लबाड. लबाडाला आमच्याकडे कुणी फार दिवस तुकडा घालत नाही.

कोणता कुत्रा खरा आणि कोणता लबाड, हे ठरवायचा मान एस्टिल फ्यूगेटकडे होता. कुणी दिला नव्हता. त्यानंच तो हळूहळू घेतला होता, आणि कुणी परत मागितला नव्हता. नवं पिल्लू तयार झालं की लोक त्याच्याकडे घेऊन यायचे. तो दोन-तीन झाडं बघायचा आणि खिशात हात घालून निकाल द्यायचा. त्यावर अपील नव्हतं.

म्हणून नाताळच्या आधी जनावरांच्या खाद्याच्या दुकानात, शेगडीपाशी बसून त्यानं स्वतःच्याच कुत्र्याचा निकाल लावला तेव्हा लोक चाट पडले.

"बटन खोटं भुंकायला लागला," तो म्हणाला. "एकदा नाही, पुन्हा पुन्हा."

घरच्या कुत्र्यालाही सूट न देणारा माणूस म्हणून त्याची पत उलट चढली.

खरी भानगड डोळ्यांची होती. मागच्या हिवाळ्यापासून एस्टिलला वरच्या फांद्या धुरासारख्या दिसायला लागल्या होत्या. रस्ता दिसायचा, माणूस दिसायचा, पण फांदीला पोट चिकटवून पडलेली करडी खार दिसेनाशी झाली होती. आधी त्याला खरंच वाटलं, कुत्रा चुकतोय. मग संशय आला, मग खात्री झाली. खात्री होईपर्यंत त्यानं बटनला झाडाखालून ओढून फोकानं मारलं होतं, आणि खात्री झाल्यावरही एकदा मारलं. त्या शेवटच्या वेळेचा हिशेब त्याला कुठेच मांडता येत नव्हता.

बोलायची सोय नव्हती. शेजारचा म्हातारा ट्रकसकट ओढ्यात गेला, त्याच दिवशी एस्टिलची मुलगी व्हर्लीन बजावून गेली होती, "डॅडी, तुमचे डोळे गेले की बंदूक आणि गाडीची किल्ली माझ्या कपाटात." बंदूक आणि किल्ली गेल्यावर या डोंगरात माणसाकडे उरतं काय, एक खुर्ची आणि एक खिडकी.

खार नेहमी खोडाच्या पलीकडे सरकते. म्हणून दोघं असले की एकजण झाडाभोवती फिरतो आणि दुसरा स्थिर उभा राहून गोळी झाडतो. एस्टिल हल्ली फिरायचं काम स्वतःकडे घ्यायचा. "मन मोठं झालं हो म्हाताऱ्याचं," लोक म्हणायचे. मोठं मन त्याच्या खाती जमा, लबाडी बटनच्या नावे.

बटनला एस्टिलचा मेव्हणा होबार्ट घेऊन गेला. "माझ्या घरात तीन लबाड आधीच आहेत, सगळे माझ्याच आडनावाचे," तो म्हणाला होता. "चौथ्यानं काय होतंय?"

फेब्रुवारीत त्याच होबार्टचा फोन आला. "एस्टिल, तुझा लबाड मला कळेना झालाय. माझ्याबरोबर असला की एक झाड चुकत नाही. मागे तू बरोबर आलास तर झाड सोडून पळाला. येऊन बघ, काय बिघडलंय ते सांग."

नाही म्हणता आलं असतं. पण नाही म्हणणारा माणूस निकाल देणारा कसला? एस्टिलनं ट्रक काढला, होबार्टला आणि कुत्र्याला घेतलं आणि कड्याच्या रस्त्यानं वर नेलं.

उतारावर बर्फाचा पापुद्रा होता. बटन पुढे पळाला आणि लवकरच एका हिकरीच्या झाडाखाली भुंकायला लागला, खणखणीत, दम न घेता. दोघं पोचले. एस्टिल दिसताच बटनचं भुंकणं थांबलं. त्यानं खोडावरचे पाय काढले, कान पाडले आणि पोट बर्फाला घासत बाजूला झाला.

"हे बघ, हेच," होबार्ट कुजबुजला. "आणि वर तर आहे. तिसऱ्या फांदीच्या बेचक्यात. शेपटीचे केस उडतायत."

"दिसतेय," एस्टिल म्हणाला.

"मग तू मार. आज मी फिरतो."

होबार्ट पाय आपटत झाडापलीकडे गेला. "आली तुझ्याकडे. मार की."

एस्टिलसमोर नुसता धूर होता. त्या धुरात एक काळा गोळा होता. त्यानं त्यावर गोळी झाडली.

वाळकी पानं गळत खाली आली, मागून सालींचे कपटे आले. खारीचं घरटं होतं. या दिवसांत घरट्यात पिल्लं असतात. त्यावर गोळी झाडणं हे शहरातल्या पाहुण्यांचं आणि शेंबड्या पोरांचं काम. खार तर केव्हाच शेजारच्या ओकवर उडी मारून गेली होती, आणि ती होबार्टनं बघितली होती.

होबार्टनं घरट्याकडे बघितलं, मग मेव्हण्याकडे.

"नव्हती बहुतेक," तो म्हणाला. "मलाच भास झाला. तू म्हणाला होतास तेच खरं, कुत्रा लबाड आहे." त्यानं पट्टा काढला. "याला कोंबड्यांपाशी साखळीनं बांधतो. भुंकू दे तिथं काय भुंकायचं ते."

खोटं आयतं हातात आलं होतं. एस्टिलला फक्त मान हलवायची होती. बटननं पट्ट्यासाठी मान पुढे केली होती, पण नजर एस्टिलच्या हातांवर ठेवून.

"बांधू नकोस त्याला," एस्टिल म्हणाला. "खार होती. मला दिसत नाही, होबार्ट."

"कधीपासून?"

"मागच्या हिवाळ्यापासून."

"आणि त्याला मारत होतास."

"हो."

"माहीत असून?"

"एकदा माहीत असून."

होबार्टनं पट्टा गुंडाळून खिशात टाकला. मग त्याला काहीतरी सुचलं. "आत्ता कड्यावरून गाडी कुणी आणली?"

"मी. रस्ता पाठ आहे मला."

"रस्ता पाठ आहे. समोरून येणारा कोळशाचा ट्रकही पाठ होता का रे तुला?" त्यानं हात पुढे केला. एस्टिलनं किल्ली त्यावर ठेवली. "व्हर्लीनला तू सांगायचं, मी नाही. आणि दुकानात जे बोललास ते दुकानातच परत घ्यायचं."

खाली आल्यावर होबार्टनं न विचारताच दुकानासमोर ट्रक थांबवला.

आत शेगडीभोवती पाच-सहा जण होते. "काय म्हणतोय तुझा लबाड?" कुणीतरी विचारलं.

"लबाड मी होतो," एस्टिल म्हणाला. "बटन खरा होता. वर्षभर मला झाडावरचं काही दिसत नाहीये."

"म्हणजे कुत्र्यांचा निकाल आंधळा देत होता?" एकानं म्हटलं आणि सगळे हसले. एस्टिलला ते हसणं बरंच वाटलं. एवढ्यावर भागलं तर स्वस्तात सुटलो, असं त्याच्या मनात आलं.

त्यांच्यातला एकटा डेंटन हसला नाही. तो खाद्याचं पोतं खांद्यावर घ्यायच्या बेतात होता, ते त्यानं खाली ठेवलं.

"माझी कुत्री, स्पेक, तू मागच्या फेब्रुवारीत बघितलीस," तो म्हणाला. "लबाड म्हणालास. मी ती हमरस्त्यावर एकाला देऊन टाकली. ओहायोला चालला होता. मी नावसुद्धा विचारलं नाही त्याला."

तो एस्टिलसमोर येऊन उभा राहिला.

"खरी होती का ती, एस्टिल?"

एस्टिलला ते बीचचं झाड आठवलं. कोवळी कुत्री, भुंकून भुंकून घसा बसलेली, मधूनच वळून त्याच्या तोंडाकडे बघणारी. आणि वर धूर. लोक जन्मभर त्याला हाच प्रश्न विचारत आले होते आणि त्याच्याकडे प्रत्येक वेळी उत्तर होतं.

"माहीत नाही," तो म्हणाला. "मला दिसलंच नव्हतं काही. तरी बोललो."

डेंटननं मान डोलावली, जणू हवामान विचारलं होतं. टोपी घातली, पोतं तिथंच ठेवून बाहेर गेला. दार लावायला तो विसरला. गार वारा आत यायला लागला. एरवी एस्टिल आला की शेगडीपाशी कुणीतरी सरकून त्याला जागा करायचं. आज कुणी सरकलं नाही. त्यानं जाऊन दार लावलं आणि दारापाशीच उभा राहिला.