लिओनीचा उतार

ऑस्ट्रेलियातल्या आमच्या आल्बनीत आम्ही त्याला नुसतं 'साप' म्हणायचो. टेकडीच्या अंगावर सिमेंट ओतून केलेली लांबलचक नागमोडी घळ, फक्त स्केटबोर्डसाठी. ती बांधली तेव्हा मी बारा वर्षांची होते. बाबा देवमाशांच्या तेलाच्या कारखान्यात कामाला, त्यामुळे घरातल्या सगळ्या कपड्यांना तो वास. वर्गातल्या मुली माझ्यापासून लांब बसायच्या. लिओनी मात्र घळीच्या तोंडाशी मला खेटून उभी राहिली आणि म्हणाली, "गुडघे वाकव, बाई. काठी गिळल्यासारखी काय उभी राहतेस!"

तिथून आमची मैत्री. तिसरा टिबोर, हंगेरीहून आलेल्या सुताराचा मुलगा. आमचे पहिले बोर्ड त्याच्या बापाने कापून दिले.

पुढे माझं आणि बोर्डचं काही धड जमलं नाही आणि तुटलंही नाही. लग्न झालं, बोर्ड सुटला. नवरा सोडून गेला त्या वर्षी माळ्यावरून काढला, मनगट मोडलं, परत माळ्यावर ठेवला. पन्नाशीत पुन्हा हुक्की आली, मग कंबर धरली. लिओनी पर्थला शिकवायला गेली. पण ती नेमाने खेळत राहिली. हळूहळू तिची नजर जायला लागली तेव्हासुद्धा.

गेल्या उन्हाळ्यात ती कायमची परत आली. आता तिला उजेड आणि अंधार, एवढाच फरक कळतो. एका रविवारी सकाळी आम्ही तिघं सापाच्या डोक्याशी भेटलो. टिबोरने गरम मीट-पाय आणले होते, खिमा भरून भट्टीत भाजलेले. लिओनीने पिशवीतून हेल्मेट काढलं.

"हे कशाला?" मी विचारलं.

"टोपी म्हणून घालते. कशाला म्हणजे काय? खाली जायचंय."

"वेड लागलंय हिला," टिबोर म्हणाला. "अगं, आपली हाडं आता बिस्किटं झालीत!"

"तुझी झाली असतील. माझा बोर्ड दे इकडे."

आम्ही दोघंही नाहीच म्हणालो. तिने वाद घातला नाही. बूट काढले आणि अनवाणी घळीत उतरली. एक हात भिंतीवर ठेवून, प्रत्येक वळणाशी थांबत, ती पार तळापर्यंत चालत गेली. तशीच वर आली आणि मला म्हणाली, "ब्रॉन, तू पुढे हो. तुझ्या चाकांच्या आवाजामागे मी येते. तुझ्यासाठीही बोर्ड आणलाय."

"माझी कंबर..."

"कंबर घरी ठेवून ये मग."

टिबोर कपाळाला हात लावून तळाशी जाऊन उभा राहिला. मी बोर्डवर पाय ठेवला. पायांना सगळं आठवत होतं, भीतीसकट. पहिलं वळण गेलं. मागून तिच्या चाकांची घरघर आली. दुसरं गेलं. घरघर तेवढ्याच अंतरावर. मग सगळ्यात तीव्र उताराचं वळण समोर आलं आणि माझा धीर सुटला. मी उडी मारून भिंतीला चिकटले. बोर्ड गडगडत गवतात गेला.

"लिओनी, थांब!" मी ओरडले.

ती थांबली नाही. हाताच्या अंतरावरून गेली. गुडघे वाकलेले, हात पसरलेले, हनुवटी किंचित वर. भिंतीवर चढली, अगदी जिथे वळायचं तिथेच वळली, खाली आली, पलीकडच्या भिंतीवर चढली. मी ती घळ डोळे उघडे ठेवून कितीदा उतरले असेन. पण अशी कधीच उतरले नव्हते. पाणी उतरावं तशी ती उतरत होती. अशी ती तळाशी सपाटीवर पोचली. तिथे मात्र तोल जाऊन गवतात पडली आणि हसत सुटली.

मी धापा टाकत पोचले.

"तुझा आवाज मध्येच कुठे गेला गं?" तिने विचारलं.

"मी बोर्डवरून उतरले. घाबरले."

"मग मला दिशा कळावी म्हणून तू टाळ्या वाजवत होतास का रे, टिबोर?"

"छे गं," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "हात हलत नव्हते माझे."

 लिओनी हळूच म्हणाली, "भिंत जवळ आली की माझ्याच चाकांचा आवाज जाड होतो. लांब गेली की पातळ. त्यावरच मी वळत गेले. आत्ता कळलं मला."

 मी तिचा हात धरला.  एवढ्या वर्षांच्या मैत्रिणीसमोर, एखाद्या प्रचंड लाटेसमोर उभं राहावं तशी मी उभी होते.

"मीट-पाय आणलेत ना कुणीतरी?" ती म्हणाली. "भूक लागलीय."

गार झालेले मीट-पाय आम्ही गवतात बसून खाल्ले. त्यानंतर ती आणखी एकदा उतरली, एकटीच. आता पाऊस नसेल त्या रविवारी आम्ही जातो. माझी कंबर कुरकुरते. लिओनी पुढे असते, आणि त्या तीव्र वळणावर मी अजून कधीकधी बोर्डवरून उतरते.