पर्सांची राखण

घंटा वाजली तशी शिलाईची मशिनं एकेक करून गप्प झाली आणि बायकांनी आपापल्या पर्सा इस्त्रीच्या टेबलावर आणून टाकल्या.

"मामा, लक्ष ठेवा हं. आत माझा चष्मा आहे," काज-बटणवाली मावशी म्हणाली.

"आग आली तर सांगतो तिला, मावशींचा चष्मा आहे, जरा लांबून जा."

हसत-खिदळत सगळा मजला जिन्याने उतरला. कारखान्यात आगीची कवायत असली की हे ठरलेलंच. लिफ्ट बंद, सामान न घेता खाली जायचं आणि मागच्या अंगणात जमायचं. इस्त्रीवाल्या मामांचा उजवा पाय लहानपणीच्या आजारात वाळलेला. कुबडी टेकत ते तिसऱ्या मजल्यावरून उतरू लागले की मागे रांग तुंबायची. म्हणून कधीतरी सुपरवायझर म्हणाला होता, "तुम्ही बसा मामा, लुटुपुटूचंच तर आहे." मामा बसले ते बसलेच. मग पर्सांची राखणही त्यांच्या गळ्यात पडली आणि खरं सांगायचं तर त्यांना ती आवडली. नुसतंच मागे राहण्यापेक्षा काही कामासाठी मागे राहिलेलं बरं.

घरी बायकोने कवायतीचं विचारलं की ते बेधडक सांगत, "उतरलो की सगळ्यांबरोबर." ती माउली विश्वास ठेवून झोपी जाई. मामांना मात्र अशा रात्री लवकर डोळा लागत नसे.

आज त्यांनी डब्यातला लाडू नुकताच तोंडात टाकला होता, तोच दारात सेफ्टीच्या नव्या मॅडम उभ्या. मजला रिकामा झाला का ते बघायला आल्या होत्या.

"तुम्ही इथे काय करताय?"

"पर्सा सांभाळतोय." लाडू घशात अडकला होता.

"आणि खरंच आग लागली तर?"

"तर मीच घेऊन येईन की सगळ्या खाली."

मॅडम हसल्या नाहीत. "कशा?" एवढंच त्यांनी विचारलं.

इतक्या वर्षांत हा प्रश्न मामांना कोणी विचारला नव्हता. त्यांनी स्वतःलाही विचारू दिला नव्हता. त्यांनी कुबडीकडे पाहिलं, मग दाराकडे. "मॅडम, साहेबांना कळवू नका," ते एकदम म्हणाले. "अधू माणूस वरच्या मजल्यावर नको म्हणतील. मला फाटकावर बसवतील. इस्त्रीशिवाय मला दुसरं काही येत नाही हो."

तेवढ्यात सुपरवायझर धापा टाकत आला. "मॅडम, मामांचं सोडा, ते समजूतदार आहेत. वाटलं तर उद्यापासून फाटकावर बसवतो त्यांना."

मामांनी कुबडी ओढून छातीशी धरली.

"मामा इथेच इस्त्री करतील," मॅडम म्हणाल्या. "बदलायचं आहे ते तुम्हा सगळ्यांचं उतरणं. आणि आजची कवायत मी झाली असं धरत नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी हातांची भक्कम खुर्ची आणवली, वर कमरेला बांधायचा पट्टा. चौघांनी धरायची, गर्दी उतरली की सगळ्यात शेवटी निघायचं, म्हणजे जिना अडत नाही. मामांनी खुर्ची पाहिली आणि हात जोडले.

"चौघं उचलतात ते एकदाच. एवढी घाई कशाला?"

"ते खांद्यावर, मामा. आम्ही हातावर नेतोय. बसा गुमान!" मावशीने पदर खोचला. तिच्याबरोबर दोन कटरमास्तर पुढे झाले आणि थोडं इकडेतिकडे बघून सुपरवायझरही.

घंटा झाली. या खेपेला पर्सा ज्याच्या त्याच्या जागी राहिल्या. पहिल्या जिन्यावर खुर्ची एका बाजूला कलली आणि मामांनी डोळे गच्च मिटले. दुसऱ्या जिन्याच्या वळणावर सुपरवायझरचे हात भरून आले. खुर्ची खाली टेकवावी लागली.

"ठेवा मला इथेच. तुम्ही जा," मामा म्हणाले. सवयीने तोंडातून गेलं, पण हातांनी खुर्ची घट्ट धरून ठेवली होती.

"अजून एकदा म्हणालात तर खरंच ठेवीन," मावशी करवादली. तिचा चेहरा घामाने निथळत होता. "धरा रे!"

अंगणात पोचले तेव्हा सगळे केव्हाचे ताटकळत उभे होते. सुपरवायझरने घड्याळ पाहिलं आणि कपाळावर हात मारला. इतका वेळ आजवर कधीच लागला नव्हता. मॅडमनी घड्याळाकडे बघितलंसुद्धा नाही. त्या एकेका विभागाची हजेरी घेऊ लागल्या.

"कटिंग?"

"हजर!"

"काज-बटण?"

"हजर!"

"इस्त्री?"

"हज—" मावशीच्या तोंडून निघालं आणि तिने झटकन तोंडावर हात दाबला. मामांनी तिच्याकडे पाहिलं. आपण वर पर्सांशेजारी बसलेले असताना खाली आपल्या वतीने दरवेळी कोण हाक देत होतं, ते त्यांना आता कळलं. तिने मान खाली घातली. मामांना तिचा राग आला नाही.

"इस्त्री?" मॅडमनी पुन्हा विचारलं.

मामांनी कमरेचा पट्टा सोडला, मावशीने पुढे केलेल्या हाताचा आधार घेतला आणि खुर्चीतून उठून उभे राहिले.

"हजर," ते म्हणाले.